सहाशे अकरावं बटण

या, बसा. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय मनमानी करतो. इकडे कटिंगच्या टेबलाला टेका. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. खरी आहे. तीत मूर्ख कोण ठरतो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. मी ठरतो. आता निवांत ऐका.

मी शिंपी. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात दोन मतं होती. पण कात्री हातात आली आणि बत्तीस वर्षं दुकान चाललं. मी कापायचो, शिवायचो. काजं करायची आणि बटणं लावायची ती आमची ही. पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकान बंद झालं. मशीन घरी आलं, हे टेबल घरी आलं, आणि हिच्या बटणांच्या बरण्या आल्या. चाळीस-बेचाळीस बरण्या. घरात माणसं दोन आणि बटणं किती ते देव जाणे.

त्यात हिचे गुडघे गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हिला खाली न्यायचं म्हणजे दोन धरणारे, एक सूचना देणारा, आणि अर्धा तास. त्यामुळे ही खिडकीत बसायला लागली. सकाळी बसली की खालच्या रस्त्यावर कोण गेलं, कोण आलं. संध्याकाळी विचारलं, काय पाहिलंस, तर म्हणायची, "माणसं." बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांशी अखंड बोललेली बाई, दिवसाकाठी एक शब्द.

तर एकदा माझी भाची आली. बहिणीची मुलगी, कॉम्प्युटरवर काम करते. तिच्या कोटाचं बटण तुटलेलं. ही जागेवरून उठली नाही. कोटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तिसरी फळी, डावीकडून दुसरी बरणी, तळाशी असेल." होतं! भाचीनं तोंडात बोट घातलं. म्हणाली, "मामी, जगात किती लोकांचं एकच बटण हरवलेलं असेल गं! ते सगळे कुठे शोधत असतील?"

कुठे म्हणजे मोबाईलवर. भाचीनं महिनाभरात हिचं दुकान मोबाईलवर उघडून दिलं. पद्धत साधी. तुमचं बटण हरवलं, तुम्ही उरलेल्या बटणाचा फोटो पाठवायचा, ही त्याचं जुळं शोधणार, मी पाकीट करून टपालात टाकणार. आणि दुकानात प्रत्येक जातीच्या बटणाचं एक पान. वर फोटो, खाली हिनं दोन बोटांनी टाइप केलेली नोंद.

त्या नोंदी म्हणजे काय सांगू! एक अशी होती: "हे बटण चावलेल्या बिस्किटासारखं दिसतं. एका बाईंच्या स्वेटरचं आहे. त्या रागावल्या की हेच पिरगाळायच्या, म्हणून कड अशी झाली. पण तुटलं नाही. रागीट माणसांनी अवश्य घ्यावं." आता ही काय जाहिरात झाली? मी तीन-चार वाचल्या आणि सोडून दिल्या. म्हटलं, दुकान आहे का गप्पा मारायचा ओटा?

पण चाललं हो! बटण शोधायला मोबाईलवर काहीही लिहा, पहिलं नाव आमचं. रोज पंधरा-वीस पत्रं यायची. ही सकाळी खिडकीऐवजी बरण्यांसमोर बसायची. गिऱ्हाइकांना पत्रातूनच दटावायची, "त्या कोटाला चंदेरी बटण लावू नका, बँडवाले दिसाल." आणि लोक ऐकायचे. संध्याकाळी मला तासभर सांगायची, कुणाचं काय हरवलं. त्यांना गिऱ्हाइक म्हणायची नाही. म्हणायची, "माझी माणसं."

हे असं दोन वर्षं चाललं. मग मला अवदसा आठवली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना साहेब म्हणते, कारण दुसरं काही म्हटलं तर ते वळून बघत नाहीत. त्यांनी मला एकदा कुठल्यातरी टायच्या दुकानाचं पान दाखवलं. पांढरं शुभ्र. मधोमध एक टाय आणि खाली तीन शब्द. साहेब म्हणाले, "याला म्हणतात दुकान. तुमचं बघा, स्वयंपाकघरातला कप्पा उघडल्यासारखं वाटतं."

लागलं मला. मी काही ऐरागैरा नाही, माझ्या हातचे सूट लोकांनी वीस-वीस वर्षं घातलेत. मी एक डिझायनर गाठला. हिला सांगितलं नाही, म्हटलं, खूश करू. तो म्हणाला, "काका, मजकूर जितका कमी, तितका माल भारी वाटतो." मी म्हटलं, "बरोबर आहे. त्या नोंदी काढाच हो. वाचून लोक हसतील." हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही, मारून बघितलं.

आठ दिवसांत नवं दुकान उभं राहिलं. पांढरं शुभ्र. एक बटण, आणि खाली चार शब्द, "उत्कृष्ट बटण. चार भोकं." बरं, दोन भोकांच्या बटणाखालीही चारच भोकं लिहिलेली, पण देखणं! मी हिला दाखवलं. हिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. दोन-तीन बटणं दाबून बघितली. मग चष्मा काढला आणि म्हणाली, "छान आहे. स्वच्छ आहे."

मी ते कौतुक समजलो.

तीन आठवड्यांत पत्रं वीसवरून बारावर, बारावरून चारवर आली. एके सोमवारी एकही पत्र नाही. मंगळवारी नाही. त्या आठवड्यात एक आलं, ते वीज कंपनीचं. मोबाईलवर शोधलं तर पहिल्या पानावर आम्ही नाही, दुसऱ्यावर नाही. अंगठा दुखेपर्यंत सरकवत गेलो, तेव्हा नवव्या पानावर, एका कपड्यांच्या चिमट्यांच्या दुकानाखाली आम्ही सापडलो.

हिनं दोन-चार दिवस बरण्या पुसल्या, मग तेही सोडलं आणि परत खिडकीत जाऊन बसली. एका संध्याकाळी म्हणाली, "तळमजल्यावरच्या बालवाडीच्या बाईंना निरोप दिलाय. पुढच्या शनिवारी बरण्या घेऊन जातील. मुलांना चिकटवायला, ओवायला होतील."

"सगळ्या?"

"ठेवून काय करायचंय?"

म्हणजे हातात दिवस अकरा. शनिवारच्या आत हिचं एकतरी माणूस परत यायला हवं होतं.

भाचीला फोन करावा की नाही? नाही केला. ती ऑफिसच्या कामानं परगावी होती, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं की, पहिलं दुकान तिनं बांधलेलं आणि मी ते तिला न विचारता पाडलेलं. डिझायनरला फोन केला, तर तो मीटिंगमध्ये. अकराही दिवस तो मीटिंगमध्येच होता. एवढी मोठी मीटिंग मी ऐकली नाही.

मग साहेबांकडे गेलो. साहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सरळ आहे. तुमची फाईल खाली गेली. खाली गेलेली फाईल आपोआप वर येत नाही. अर्ज करावा लागतो."

त्यांनी अर्ज केला. सर्चवाल्या कंपनीला. "महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की," इथपासून सुरुवात. दोन पानं. सोबत जोडलेली कागदपत्रं तीन, त्यात माझं रहिवासाचं प्रमाणपत्र. एका मिनिटात उत्तर आलं, "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." साहेबांना गहिवरून आलं. म्हणाले, "बघा! पस्तीस वर्षांत आमच्या खात्यानं एका मिनिटात पोच दिली नव्हती."

पोच मिळाली, फाईल हलेना. पुढे कंपनी म्हणाली, हे दुकान तुमचंच आहे हे दाखवा. दाखवायला गेलो तर कळलं, दुकान डिझायनरच्या नावावर नोंदवलेलं. म्हणजे बायको माझी, बटणं माझी, टपालाची पाकिटं मी चिकटवायची आणि मालक तो मीटिंगमधला! वर ते यंत्र मला विचारतं, तुम्ही माणूस आहात का? असाल तर जिने असलेली चित्रं दाबा. एका चित्रात शिडी होती. मी म्हटलं, साहेब, शिडी म्हणजे जिना का? साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. आम्ही सोडली. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. माणूस म्हणून पास व्हायला मला चार खेपा लागल्या.

"आता मागणी दाखवायची," साहेब म्हणाले. "दहा लोकांनी विचारलं की फाईल वर येते. हा सगळीकडचा नियम आहे."

त्यांनी पाळ्या लावल्या. अख्ख्या बिल्डिंगच्या. सकाळी दहा ते अकरा पहिला मजला, अकरा ते बारा दुसरा. प्रत्येकानं मोबाईलवर बटण शोधायचं, पानं सरकवत आमच्या दुकानापर्यंत यायचं, आत जायचं, दोन मिनिटं थांबायचं, बाहेर पडायचं. जिन्याखाली तक्ता लागला. लोकांचं प्रेम बघा, एकानंही नाही म्हटलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजी तर आत गेल्यावर दोन मिनिटं हात जोडून बसायच्या. फक्त हिला कळू द्यायचं नाही, म्हणून सगळे जिन्यात कुजबुजायचे. ही मला म्हणाली, "बिल्डिंगमध्ये कुणी आजारी आहे का हो?"

आणि सांगतो, पाचव्या दिवशी चमत्कार! माझ्या मोबाईलवर आम्ही पहिले. साहेबांच्या मोबाईलवर पहिले. आजींच्या, दुसऱ्या मजल्याच्या, सगळ्यांच्या मोबाईलवर पहिले! साहेबांनी जिन्यात भाषण केलं. केक आला. मी तर हिच्यासाठी नवीन पाकिटं आणून ठेवली.

पत्र आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बुधवार उजाडला. मग मी जे केलं त्याबद्दल मला हसायचं असेल तर हसा. साहेबांच्या कॉम्प्युटरवरून मीच पत्र लिहिलं. "आदरणीय बाई, माझ्या कोटाचं बटण हरवलं आहे. चोवीस लाईन, चार भोकं, कड उचललेली. आपल्याशिवाय आधार नाही. लवकर पाठवावे. एक गरजू गृहस्थ."

अर्ध्या तासात उत्तर. साहेबांनी ते सरकारी आवाजात वाचलं, "गरजू गृहस्थांस. माझी माणसं 'पेढ्याएवढं' म्हणतात, 'नखाएवढं' म्हणतात. बटण 'चोवीस लाईन' असं शिंप्याच्या मापात मोजणारा माझ्या ओळखीत एकच आहे. तुमचं बटण सापडलंय. टपालाची गरज नाही, स्वयंपाकघरात या. चहा गार होतोय."

साहेबांनी कधी नव्हे ते माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जा."

खाली आलो. ही स्टुलावर बसलेली. समोर बशीत ते बटण. चोवीस लाईन, चार भोकं, कड उचललेली. आम्ही चहा प्यायलो. मी बटण उचलून खिशात टाकलं, काय करणार? ही म्हणाली, "शनिवारी बाई येतील. त्याआधी बरण्यांवरची धूळ पुसा. वरच्या फळीला माझा हात पोचत नाही."

गुरुवारी भाची परत आली. आजींनी जिन्यातच तिला सगळं सांगितलं होतं, पाळ्यांसकट. ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली, कॉम्प्युटर उघडला आणि बराच वेळ खटखट केलं. ही आत पडली होती.

"मामा," ती म्हणाली, "आठवड्यात तुमच्या दुकानात अठ्ठेचाळीस माणसं आली."

"बघ!"

"अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस याच बिल्डिंगमधली. तुम्ही सारखं तिथेच जाता, म्हणून तुमचे मोबाईल तुम्हाला ते पहिलं दाखवतात. बाहेर अजून नववंच पान आहे."

केक आठवला मला.

"आणि मामा, मामीच्या नोंदी कुठे गेल्या?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे समजावलं. लोक मोबाईलवर 'उत्कृष्ट बटण' शोधत नाहीत. 'बिस्किटासारखं दिसणारं स्वेटरचं बटण' असं शोधतात, तोंडाला येईल तसं. आणि जगात तसं लिहिणारी एकच बाई होती. माणसं बटणासाठी यायची, पण हिच्या शब्दांना धरून यायची. डिझायनरनं शब्द पुसले, पानांचे जुने पत्तेही पुसले. लोक जुन्या पत्त्यावर येऊन बंद दार वाजवून परत जात होते.

"म्हणजे सर्चवाल्यांनी काही केलंच नाही?" मी विचारलं.

"काही नाही."

मी उठलो आणि आत गेलो. ही जागीच होती, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, "अगं, दुकान मी बुडवलं. तुझ्या नोंदी काढल्या म्हणून बुडालं."

"ऐकलं मी."

"मला कळलं नाही त्यांचं मोल."

ही उठून बसली. पदर नीट केला. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटली. माझ्या लिहिण्याची. एवढी चकचकीत पाटी लावलीत आणि मला विचारलं नाहीत. म्हटलं, असेल आपलं लिहिणं अडाणी. पत्रं थांबली त्याचं एवढं नाही हो वाटलं."

बत्तीस वर्षांत या बाईला मी कधी खोटं माप दिलं नाही. आता काय देणार? म्हटलं, "वाटली होती लाज. थोडी."

ही म्हणाली, "थोडी म्हणजे किती लाईन?"

आणि हसली. आणि मला, या वयाला, दारात येऊन उभ्या राहिलेल्या भाचीसमोर, नाक पुसायला रुमाल सापडेना.

शनिवारी बालवाडीच्या बाई आल्या. त्यांना शर्टाच्या पांढऱ्या बटणांची एक बरणी दिली आणि एवढा चहा पाजला की बाकीच्या बरण्यांचं विचारायचं त्यांना सुचलं नाही.

मग काम सुरू झालं. डिझायनर एकदाचा मीटिंगमधून बाहेर आला. भाची दोन तास त्याच्या दारात बसली होती म्हणून. दुकान आमच्या नावावर झालं. पण नोंदी त्याच्याकडे नव्हत्या, त्यानं ठेवल्याच नव्हत्या. जुनी पानं साठवून ठेवणारी एक जागा असते म्हणे, तिथे भाचीला चाळीसेक सापडल्या. बाकीच्या हिला आठवून सांगायच्या होत्या. रोज जेवणं झाली की ही बरणीत हात घालायची, एक बटण काढायची, बोटांनी चाचपायची आणि सांगायला लागायची. मी टाइप करायचो. चौथी पास माणूस, एका बोटानं. मी कुठे शहाणपणानं 'उत्कृष्ट' घालायला गेलो की बोटावर चापटी. तेव्हा मी त्या नोंदी पहिल्यांदा ऐकल्या. माझ्याच दुकानात येणाऱ्या माणसांच्या होत्या. मी त्यांची छाती-कंबर मापली होती, आणि हिनं बटण लावता लावता त्यांचं सगळं ऐकून घेतलं होतं.

भाची जुन्या पत्त्यांना नवी पानं जोडत गेली. लगेच काही झालं नाही. महिना गेला, दोन गेले. साहेब रोज विचारायचे, फाईल हलली का? तिसऱ्या महिन्यात एक पत्र आलं. खरं. "बिस्किटाचं बटण अजून आहे का? मी फार रागीट आहे." हिनं ते मला तीनदा वाचायला लावलं. पुढच्या आठवड्यात चार आली. आता रोज सात-आठ येतात. वीस नाहीत. पण खिडकीत आता कुंड्या ठेवल्यात.

एकूण नोंदी होत्या सहाशे अकरा. सहाशे दहा आम्ही परत लिहिल्या. शेवटची राहिली ती कशी कळली सांगतो. एका बाईंचं पत्र आलं, "तुमच्या मिस्टरांबद्दलची ती नोंद कुठे गेली? तपकिरी लाकडी बटणाची. मी ती आमच्या यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती."

मी हिच्याकडे बघितलं. ही लाल झाली. सत्तरीला टेकलेली बाई, कानापर्यंत लाल!

"काय लिहिलं होतंस?"

"होतं काहीतरी."

"सांग, टाइप करतो."

"मुळीच नाही. दोन वर्षं सगळ्या जगाला उघडं होतं. तुम्हीच वाचलं नाहीत, तुम्हीच पुसलंत." आणि गेली बरण्या लावायला.

भाचीनं शोध शोध शोधलं, ते पान कुठेच नाही. त्या पत्रवाल्या बाईंना विचारलं, तर आमच्या हिनं त्यांना आधीच फितवलेलं. त्या म्हणतात, आम्हा बायकांमधलं आहे. हिला सहा महिने विनवतोय. नुसती हसते.

म्हणून भेटेल त्याला मी हे सगळं सांगत बसतो, मूर्ख ठरलो तरी. तुम्हालाही त्यासाठीच बसवलं. त्या दोन वर्षांत तुमच्या घरात कुणाचं बटण तुटलं असेल, आणि शोधता शोधता ते तपकिरी लाकडी बटणाच्या पानावर थांबले असतील, तर जरा विचारून बघा हो. शब्दाला शब्द नको. ती आत कामात आहे तोवर हळूच येऊन माझ्या कानात एवढंच सांगा, माझ्याबद्दल बरं लिहिलं होतं ना?